मऊ भात

“ए जाडे, तू मागच्या रांगेत!” शाळेच्या गॅदरिंगमधला बाईंचा तो आवाज हर्षलाच्या कानातून कधी गेलाच नाही. बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळ झाल्यावर मैत्रिणीचं ऐकून तिनं गुपचूप भात-भाकरी सोडली. वजनाचा काटा आठवडाभर उतरला, मग हटून बसला. पान्हा मात्र आटत गेला.

आई मऊ भातावर तूप सोडून ताट पुढ्यात ठेवायची. तिची पाठ वळली की हर्षला तो भात खिडकीतून कोंबड्यांना टाकायची.

आज बाळ भुकेनं रडून रडून लालेलाल झालं. आवाज ऐकून शेजारच्या अक्का आल्या आणि आईलाच म्हणाल्या, “काय गं रत्नमाला, पोरीला पोटभर घालत नाहीस होय? कोंबड्या बऱ्या माजल्यात तुझ्या!”

पदरानं डोळे टिपून आईनं भाताचं पातेलं उतरवलं. “माझ्याच हाताला गुण राहिला नाही गं बाय,” ती लेकीला म्हणाली.

हर्षलाची मान वर होईना.

“आई, तुझ्या हाताला काही झालं नाही. तू वाढलेला भात मी खाल्लाच नाही गं. बारीक व्हायचं होतं मला.”