नव्या तांदळाची पिशवी

घरच्या भाताचे पहिले तांदूळ देवाला दाखवले की पुढची पिशवी मास्तराची, ही आमच्या घरची रीत. ती पिशवी घेऊन मी नातीबरोबर शहापूरच्या कम्प्युटर क्लासात गेले, पण डोकं तापलेलं होतं. डोळखांबवरून एसटीनं ये-जा करून पोर वर्षभर पायथॉन ही कम्प्युटरची भाषा शिकली आणि ठाण्याच्या कंपनीनं तिला नोकरी न देता परत धाडलं. म्हणे हे पायथॉन दोन, जुनं, केव्हाच बंद पडलंय; आता पायथॉन तीन चालतं. “मास्तर, तुमच्या कल्याणच्या क्लासात तर नवं शिकवता ना?” “हो आजी. गावच्या पोरींना मात्र जुनंच बरं. नवं झेपत नाही त्यांना.” असं म्हणत त्यानं पिशवीला हात घातला. मी ती मागं ओढली. “आजी गो, जाऊ दे,” नात कुजबुजली. “का म्हणून जाऊ देऊ? मास्तरा, तुला गेल्या सालचे किडे पडलेले तांदूळ धाडते. हे नवे तुला झेपायचे नाय.”