ताईंच्या मुली

दवाखान्यातली नर्स रविवारच्या सुट्टीवर पाणी सोडून वस्तीतल्या मुलींचा गट चालवायची. जागा कोणी देईना, तेव्हा तिनं दवाखान्यामागची अडगळीची खोली झाडून घेतली आणि आयांच्या हातापाया पडून एकेक मुलगी गोळा केली. मान वर न करणाऱ्या पोरी हळूहळू तिच्याशी मनातलं बोलायला लागल्या.

एका रविवारी गटातली सगळ्यात बोलकी पोर आलीच नाही. तिची मैत्रीण तेवढी धापा टाकत आली.

"ताई, तिचं लग्न ठरवतायत! आत्ता, घरी! शाळासुद्धा संपली नाही हो तिची. रडून रडून अर्धी झालीय."

"चला गं सगळ्या," ताई उठलीच. "बघू तरी कोण ठरवतंय ते."

पोरींचा घोळका मागे घेऊन ती तरातरा त्या घरी पोचली. दार मुलीच्या आईनं उघडलं. आत पाहुण्यांच्या मधोमध, इस्त्रीचा शर्ट घालून, ताईचा धाकटा दीर बसला होता. शेजारी तिचा नवरा. बायकोला बघताच त्यानं नजर चहाच्या कपात घातली.

"हे... हे काय चाललंय?" तिच्या तोंडून कसंबसं निघालं.

मुलीच्या आईनं सगळ्या पोरींदेखत कौतुकानं तिचा हात धरला.

 

"असं काय करता, ताई? एवढ्या मुलींमधून दिरासाठी तुम्ही आमचीच पोर निवडलीत, असं तुमचे मिस्टर म्हणाले, म्हणून तर आम्ही हो म्हटलं!"