कुणी हलू नका!

बाबांनी कॅमेऱ्यात कंपनीचं नसलेलं, इंटरनेटवरच्या हौशी मंडळींनी लिहिलेलं प्रायोगिक फर्मवेअर, म्हणजे कॅमेरा चालवणारं सॉफ्टवेअर, घातलं होतं. त्यामुळे खिडकीबाहेरचं ऊन आणि खोलीतल्या सावल्या एकाच फोटोत नीट यायच्या. कॅमेरा लागोपाठ तीन फोटो काढायचा, एक काळपट, एक बरा, एक भगभगीत, आणि ते एकमेकांत मिसळायचा. "या उचापतींनी तो कॅमेरा एक दिवस मरेल," असं आई म्हणायची. कॅमेरा ठणठणीत आहे. बाबा गेले.

भिंतीवर लावायला त्यांचा फोटो शोधला, तर सगळे फोटो त्यांनीच काढलेले, त्यामुळे ते कशातच नाहीत. शेवटी एक सापडला. टायमर लावून, "कुणी हलू नका!" असं आम्हाला दटावून ते स्वतः धावत आले होते. पहिल्या फोटोत ते पोचत होते, दुसऱ्यात बसले आणि तिसऱ्यात, फोटो कसा आलाय ते बघायला उठले. म्हणून आम्ही सगळे स्पष्ट, खिडकीबाहेरच्या झाडाचं पानन्‌पान स्पष्ट, आणि बाबा मात्र तीन. त्यातला एकही धड नाही, तिघांच्याही आरपार भिंत दिसते.

फ्रेमवाल्याने फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहिला. "ताई, दोन पुसतो आणि एक ठळक करून देतो. कोणते साहेब ठेवू?"

मी आईकडे पाहिलं.



"तिन्ही राहू देत," आई म्हणाली. "एक गेला तरी दोन उरतील."