कोरडी खोली

महिनाभर खपून थोरल्याने तळघरातलं ओलं प्लास्टर खरवडलं, भिंतींतली गळती बुजवली, फरशी बसवली. मग खोली दाखवायला तो वडिलांना खाली घेऊन आला.

"मला इथे कोंडणार होय रे?" म्हणत म्हाताऱ्याने काठी थेट त्याच्या डोक्यात घातली. डोळ्यात रक्त उतरलं. थोरल्याने काठी हिसकावली आणि बाप भिंतीशी आडवा होईपर्यंत त्याला झोडपलं.

"आईसाठी केलीय ही खोली! आता लावून दाखवा तिला हात!"

उशी घेऊन जिन्यात उभी असलेली आई खाली आली. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा लेकाच्या हातातल्या काठीकडे.

"यांना वर ने," ती म्हणाली. "आणि तूही वरच राहा. मला आतून कडी लावायचीय."