बारा आणि तेरा

साल एकोणीसशे अडुसष्ट. डोंगराळ मुलखात स्वयंसेवक पाठवणाऱ्या कचेरीत बाई टाइपरायटरपुढे बसल्या होत्या आणि त्यांची बोटं चालत नव्हती.

समोर साहेबांच्या हातची यादी होती. वशिला नको म्हणून तिच्यात नावं नसत, नुसते नंबर. नंबरांच्या चिठ्ठ्या बाईंनीच दिल्या होत्या. बारा आपल्या लेकीला, तेरा शेजारणीच्या मुलीला. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी, वर्षभर शाळेत शिकवायला निघालेल्या. साहेबांनी बाराला वरचं गाव दिलं होतं, कड्याच्या पोटातलं, हिवाळ्यात वाट बंद होणारं. तेराला खालचं, सडकेवरचं, दवाखान्याच्या शेजारचं.

"झाली का यादी?" साहेबांनी आतून विचारलं.

"झालीच," म्हणत बाईंनी दोन्ही गावांची अदलाबदल केली.

संध्याकाळी शेजारीण आली. "वहिनी, माझी कुठे पडली हो? तिला माळ्यावर चढतानासुद्धा घेरी येते."

"गावांच्या नावांची पाकिटं पायथ्याशी पोचल्यावरच उघडायची असतात. आधी कळलं तर निम्मे जण गाडीत बसायचेच नाहीत."

"बरं बाई. तुम्ही आहात तिथे, मग मला कसली काळजी."

बाई खाली मान घालून भाजी निवडत राहिल्या.

मुली गेल्या. तिकडून पत्र यायला पंधरा दिवस लागत. नवव्या दिवशी कचेरीत तार आली. वरच्या गावावर कडा कोसळला होता. कुणी वाचलं नव्हतं.

बाई तडक शेजारणीकडे गेल्या. तीन दिवस तिच्या उशाशी बसल्या, चमच्याने पाणी पाजलं. तिने एकदाच विचारलं, "तुमची तरी सुखरूप आहे ना?"

"हो," बाई म्हणाल्या. मनाच्या तळाशी कुणीतरी सुटकेचा श्वास टाकत होतं, आणि त्याची त्यांना किळस येत होती.

चौथ्या दिवशी दार वाजलं. उंबऱ्यात शेजारणीची मुलगी उभी होती, धुळीने माखलेली. आईच्या गळ्यात पडायच्या आधी तिने बाईंकडे पाहिलं.

"काकू, तिने तुम्हाला सांगितलंच असेल. चिठ्ठ्या मिळाल्या त्याच दिवशी मी म्हटलं, तेरा म्हणजे माझे तीनतेरा वाजणार. ती हसली. म्हणाली, घाबरट कुठली, घे माझा बारा."

बाईंनी हातातला चमचा पाण्याच्या वाटीत ठेवला.

ती मुलगी पुढे त्याच खालच्या गावात मुख्याध्यापिका झाली. साहेब निवृत्त होऊन बागकामात रमले. बाईंनी वीस वर्षं तोच टाइपरायटर चालवला. आणि शेजारीण, जगली तोवर, बाई दिसल्या की हात जोडून उभी राहायची. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ऐन वेळी यादी बदलली यांनी. साहेबांनी स्वतः सांगितलं मला. पोटची पोर वर धाडली आणि माझी वाचवली."