पक्कं काम

दातांच्या डॉक्टरांनी आपल्या शर्यतीच्या सायकलचा टायर रिमला स्वतःच्या हातांनी चिकटवला होता. सोल्युशनचे तीन थर दिले, आणि ते वाळेपर्यंत तीन दिवस बायकोलाही त्या खोलीत झाडू मारायची बंदी! असा टायर पंक्चर झाला की ठिगळ लावत बसायचं नसतं. अख्खा सोलून काढायचा आणि सीटखाली बांधलेला दुसरा चढवायचा. पाच मिनिटांचं काम.

घरापासून तीस किलोमीटरवर टायर पंक्चर झाला. सोबतचे केव्हाच पुढे निघून गेले होते. डॉक्टर तासभर झटले, नखं तुटली, पण टायर तसूभर हलेल तर शपथ.

तेवढ्यात एक निवृत्त हेडमास्तर फिरत फिरत तिथे आले. तिथल्याच गावात मुलीकडे राहायला आलेले, आणि डॉक्टरांचे जुने पेशंट. त्यांच्या सुळ्यावरची कॅप तीनदा निघून आली होती. तिन्ही वेळा डॉक्टरांनी त्यांची समजूत घातली होती, "सर, जगात कायमचं असं काहीच चिकटत नसतं."

"सरका, मी बघतो," म्हणत हेडमास्तरांनी टायरची कड थेट दातांत धरली.

"अहो सर, नको!"

पण सरांनी डोळे मिटून मान मागे ओढलीसुद्धा. खट्‌कन आवाज झाला. टायर होता तिथेच होता. सरांनी तोंडातली कॅप काढली, पुसली आणि रुमालात बांधली.

"डॉक्टर, चौथ्यांदा परत बसवाल तेव्हा हे टायरचं सोल्युशन लावा."