चंपाषष्ठीचं वांगं

"ठेव तिथं ओट्यावर," अंजनाबाई म्हणाल्या. "मिरची हातात घेऊ नये माय. भांडण होतं."

प्रभावतीनं मूठभर मिरच्या दोन खोल्यांमधल्या ओट्यावर ठेवल्या आणि ती दोन पावलं मागं सरली. मगच अंजनाबाईंनी त्या उचलल्या. अंजनाबाईंचं वास घेणं झालं, प्रभावतीचं बघणं झालं, आणि दोघी आपापल्या दारात गेल्या.

दोघींचे नवरे सुरतच्या एकाच मिलमध्ये कामाला होते. दोघे भुसावळकडचे. प्रभावती आणि तिचा नवरा श्रीपत यांनी गावीच दीक्षा घेतली होती, बौद्ध झाले होते. चाळीत त्यावर कुणी अवाक्षर काढत नसे. फक्त नळावर प्रभावतीची कळशी भरून झाली की पुढची बाई तोटी धुऊन घेई.

प्रभावती मिरच्या लावायची, पण बाग म्हणावी अशी तिची जागा नव्हतीच. अडुसष्टच्या पुरात तापीनं चाळीमागं कमरेएवढा गाळ आणून टाकला होता. बायकांनी नाक दाबून तो उपसला. प्रभावतीनं मात्र पाट्या भरभरून आपल्या मोरीमागं ओढला. तापी आपल्याकडूनच येते, मग हा गाळही माहेरचाच, असा तिचा हिशेब. त्या गाळात मिरची अशी मातली की चाळीतल्या खानदेशी बायकांचे ठेचे पुन्हा तिखट झाले. सुरतची मिरची खाऊन त्यांची तोंडं अळणी झाली होती.

मिरचीनं भांडण होतं हे प्रभावतीनंही लहानपणापासून ऐकलं होतं. तिची आईसुद्धा मिरची हातात देत नसे. म्हणून तिला बरेच दिवस वाईट वाटलं नाही. मग तिनं एकदा कोथिंबीर नेली.

"ठेव ओट्यावर."

कोथिंबिरीनं भांडण झाल्याचं अख्ख्या खानदेशात कुणी ऐकलं नव्हतं. प्रभावती घरी आली, भाकरी थापायला बसली आणि भाकरीवर जरा जास्तच जोरानं हात मारू लागली. तिला ना कुणाच्या चुलीपाशी जायचं होतं, ना कुणाच्या देवापाशी. आपल्या हातातली वस्तू समोरच्या बाईनं हातात घ्यावी, एवढंच. पण एवढं कुणाकडे मागायचं, आणि कोणत्या तोंडानं?

श्रीपत म्हणाला, "नको देऊ मग. आपल्या मिरच्या आपण खाऊ."

"देणार," ती म्हणाली, आणि माहेरून भरताच्या वांग्याचं बी मागवलं.

सुरतेत वांगी ढिगानं मिळत. पण ती छोटी, जांभळी, भरून करायची. भाजली की साल धरून बसायची. खानदेशी भरताला लागतं हिरवट-पांढरं, लहान बाळाएवढं जड वांगं. प्रभावतीनं गाळात राख मिसळली, कीड हातानं वेचली, भांड्यांचं पाणी झाडांना घातलं. मार्गशीर्ष लागला तेव्हा एका झाडाला असं वांगं धरलं की फांदीला काठीचा टेकू द्यावा लागला.

अंजनाबाईंच्या घरी खंडोबा होता. चातुर्मासाचे चार महिने त्यांच्याकडे वांगं शिजत नसे. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवद दाखवायचा आणि मगच तोंडात घालायचं. सुरतेत आल्यापासून त्या जांभळ्या वांग्याचं भरीत करत आणि देवापुढं ठेवताना दरवर्षी मनातल्या मनात माफी मागत. मोरीमागचं ते वांगं त्यांनी कधीच हेरलं होतं. कच्च्या भाजीला विटाळ नाही, हे त्यांच्या सासूनं ठरवूनच ठेवलेलं होतं. विटाळ फक्त हाताला.

चंपाषष्ठीच्या सकाळी त्या न्हाऊन, केसांना पंचा गुंडाळून ओट्याशी आल्या. नळावर शोभाबाई आणि आणखी दोघी-तिघी होत्या.

"प्रभा, तुझं ते वांगं... देवाला पाहिजे होतं वं."

"तुमच्यासाठीच ठेवलंय," प्रभावती म्हणाली. आत जाऊन तिनं वांगं आणलं. धुतलेलं, पुसलेलं. दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ती ओट्यापाशी उभी राहिली.

अंजनाबाईंनी सवयीनं हनुवटी ओट्याकडे वळवली. "ठेव ना."

"देवाचा निवद अंजनाबाई, आणि इथं ठेवू? रात्रभर कुत्री लोळतात इथं."

नळ वाहत राहिला. शोभाबाईंची कळशी भरून सांडू लागली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "घ्या की अंजनाबाई," त्या खोचकपणे म्हणाल्या, "खंडोबा ताटकळलाय."

प्रभावतीचे हात भरून आले, पण ते तिनं खाली केले नाहीत. अंजनाबाईंनी एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा वांग्याकडे. मग पदराला हात पुसले आणि पुढं केले. वांगं जड होतं. ते घ्यायला दोन्ही हात खालून घालावे लागले, आणि दोघींची बोटं क्षणभर एकमेकींत अडकली. प्रभावतीनं घाई केली नाही.

वांगं हातात आल्यावर अंजनाबाईंनी ते उलटसुलट केलं. आणि एकदम त्यांचा आवाज चढला, घरच्या सुनेवर चढावा तसा.

"आगं माय! इतला आखूड देठ कापतस का कोणी? भरताचं वांगं शेगडीवर फिरवू कशाला धरून? तुझ्या आईनं काही शिकवलं का नाही?"

नळावरच्या बायका हसल्या. प्रभावतीही हसली, तोंडाला पदर न लावता.

"पुढच्याला ठेवीन लांब," ती म्हणाली. "याला ठेवला असता, तर तुम्ही देठालाच धरलं असतं."